'मस्तच!'च्या पुढे काय?

मैत्रिणीने स्वतः लिहिलेली कविता पाठवली की तुम्ही काय उत्तर देता? अंगठा, बदाम, फार तर 'मस्तच!' मीही तेच करते. नाही आवडली तर 'जमली नाही गं' म्हणून मोकळी. दोन्ही वेळा लिहिणारीच्या हाती काहीच लागत नाही. माझ्या पहिल्या लेखावर 'अजून चांगला कर' एवढाच शेरा आला होता. नेमकं काय चांगलं करू? तीन दिवस मी स्वल्पविराम इकडचे तिकडे करत बसले!

म्हैसूरला गेलात तर राजवाडा, चामुंडी टेकडी झाल्यावर यादवगिरीतलं आर. के. नारायण यांचं घरही बघा. २०१६पासून तिथे संग्रहालय आहे. टीव्हीवरच्या 'मालगुडी डेज'मधला स्वामी आठवतो ना? (नसेल तर आईबाबांना विचारा.) त्या स्वामीच्या कादंबरीचं हस्तलिखित इंग्लंडमधले प्रकाशक एकामागून एक परत करत होते. शेवटी वैतागून नारायण यांनी ऑक्सफर्डमधल्या मित्राला, पूर्णा यांना, कळवलं की दगड बांधून ते थेम्स नदीत टाकून दे. पूर्णांनी ते ग्रॅहम ग्रीन या लेखकाला वाचायला दिलं.

ग्रीन यांना ते आवडलं. पण ते 'मस्तच'वर थांबले नाहीत. त्यांनी प्रकाशक मिळवून दिला आणि १९३५मध्ये पुस्तक आलं. 'स्वामी, द टेट' हे मूळ नाव बदलून 'स्वामी अँड फ्रेंड्स' ठेवा, असं त्यांनीच सुचवलं. नारायणस्वामी हे लेखकाचं लांबलचक नावही छोटं करायला सांगितलं. (खरं सांगते, मला कुणी असं सांगितलं असतं तर मी चिडले असते.) पुढच्या हस्तलिखितांतल्या इंग्रजीवरूनही ते हात फिरवायचे. 'द बॅचलर ऑफ आर्ट्स'ला तर प्रस्तावनाच लिहिली. मालगुडी मात्र मालगुडीच राहिलं. गोष्ट नारायण यांची आहे, हे ग्रीन विसरले नाहीत. गंमत म्हणजे दोघं पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटले ते १९५६मध्ये, लंडनला! तोवर वीसेक वर्षं सगळं पत्रांतूनच चाललं होतं.

तुम्हाला कुणासाठी प्रकाशक शोधायचा नाही. पण मुलाचा निबंध वाचून 'अक्षर सुधार' म्हणण्याऐवजी 'आजोबांच्या सायकलचा भाग वाचताना हसू आलं, तो आणखी वाढव' म्हणून बघा. सून, सासू, नवरा, कुणीही नवीन पदार्थ केला, तर 'बरा झालाय'पेक्षा 'चिंच जरा कमी हवी' हे जास्त उपयोगाचं. फक्त पाहुण्यांसमोर नको.

मीही काल मैत्रिणीला लिहिलं, 'तिसऱ्या कडव्यातली आजी डोळ्यांसमोर उभी राहिली. पण शेवटच्या दोन ओळी तेच पुन्हा सांगतात, त्या काढून वाचून बघ. पटलं नाही तर राहू दे.' दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर अजून आलेलं नाही.