स सशाचा, फ फणसाचा

लँडलाइनवर आडनाव सांगायची वेळ आली की आमच्या घरात अंकलिपी सुरू व्हायची. "सावंत! फावंत नाही हो, स सशाचा!" पलीकडच्याला बहिरा ठरवून आम्ही आवाज चढवायचो. दोष त्याच्या कानांचा नव्हताच. तो टेलिफोन साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढीच कंपनं पुढे पाठवायचा. स्वरांना तेवढी पुरतात, पण 'स'चा मुख्य जोर 4000 हर्ट्झच्या वर असतो. त्यामुळे 'स' वाटेतच छाटला जायचा आणि उरलेल्या फुसफुशीतून ऐकणाऱ्याने अंदाज बांधायचा.

'प' म्हणताना हवेची वाट पूर्ण बंद होते. 'स'ला जीभ बारीकशी फट ठेवते. शिट्टी होण्याआधी कुकर सूं करतो, तशी हवा तिथून खवळून निघते आणि वरच्या दातांवर आपटते. हे घर्षक व्यंजन. आपले जुने वैयाकरण श, ष, स, ह यांना ऊष्म म्हणत. त्यांचं वर्णन करताना ध्वनिशास्त्र विचारतं: फट कुठे आहे आणि स्वरतंतू कंप पावतात का? गळ्यावर बोटं ठेवून 'स' लांबवा, काही जाणवणार नाही. 'बाहेर' म्हणा, 'ह'वरही गळा थरथरत राहील.

आता 'स' लांबवत जीभ हळूहळू मागे न्या. 'श' होतो आणि आवाज जाड होतो, कारण फटीपुढची पोकळी वाढते. लहान शिशीत फुंकर मारण्याऐवजी मोठ्या बाटलीत मारावी तसं. जीभ आणखी मागे वळवली की खरा 'ष' यायला हवा. पण अंकलिपीतल्या षटकोनाला आपण सगळे 'शटकोन'च म्हणतो. मराठीत 'ष' उरलाय तो लिहिण्यापुरता, हे मान्य करायला हरकत नाही.

उतारवयात कानही त्या टेलिफोनसारखा होतो: वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. "आवाज येतो रे, शब्द कळत नाहीत," असं आजी म्हणते ते म्हणूनच. ओरडल्याने स्वर मोठे होतात, हरवलेला 'स' काही परत येत नाही. तेव्हा ओरडू नका. समोर बसा, ओठ दिसू द्या, सावकाश बोला आणि एकदा तिचे कान तपासून घ्या.