नातवंडाचा ताबा आणि नानीचे स्थान

मुलीचा तलाक होतो आणि एखाद्या संध्याकाळी ती पाच वर्षांच्या मुलाचा हात धरून माहेरच्या दारात उभी राहते. गुडघेदुखीने त्रस्त झालेल्या आजीच्या दिनक्रमात शाळेचा डबा आणि रात्रीची गोष्ट पुन्हा प्रवेश करतात. अशा मुस्लिम कुटुंबातील आपण वडीलधारे असाल, तर हे मूल आपल्या घरी राहील का, हाच प्रश्न आपली झोप उडवीत असेल.

इस्लामी कौटुंबिक कायदा मुलाचे संगोपन आणि पालकत्व यांत भेद करतो. जवळ ठेवून वाढविण्याचा हक्क म्हणजे हिजानत. पालकत्व मात्र पित्याकडे राहते. भारतातील बहुसंख्य सुन्नी मुस्लिम हनफी परंपरेचे आहेत. या परंपरेनुसार मुलगा ७ वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत हिजानत आईची. शिया परंपरेत हीच मर्यादा मुलासाठी २ व मुलीसाठी ७ वर्षे आहे. आई हयात नसेल, किंवा मुलाशी निकटचे रक्तसंबंध नसलेल्या पुरुषाशी तिने पुनर्विवाह केल्यामुळे तिचा हक्क संपला असेल, तर हनफी क्रमात पुढचे नाव नानीचे येते. त्यानंतर दादी. पित्याचा क्रम या स्त्रियांनंतर लागतो, हे अनेक आजींना ठाऊकच नसते.

मूल आपल्याकडे असले तरी त्याच्या पोषणाचा भार पित्यावरच असतो. तरीही संकोचापायी कित्येक आजी-आजोबा निवृत्तिवेतनातून शुल्क भरतात आणि स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड घेतात. हा संकोच सोडावा. खर्चाची मागणी करणे म्हणजे भांडण उकरून काढणे नव्हे.

प्रकरण न्यायालयात गेले, तर १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमानुसार न्यायाधीश व्यक्तिगत कायदा विचारात घेतात. परंतु मुलाचे हित त्याहून निर्णायक ठरते. समजत्या मुलाची इच्छाही विचारात घेता येते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात आई निवर्तली होती व पित्याने दुसरा विवाह केला होता. मुलांचा अंतरिम ताबा आजोळीच कायम राहिला. म्हणून आपल्या प्रकृतीविषयी वकिलांशी आडपडदा ठेवू नये. आपण आजारी पडल्यास मुलाला कोण पाहील, याचे उत्तर आधीच ठरवून ठेवावे. लसीकरणाची नोंद, शाळेचे प्रगतिपुस्तक, वैद्यांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत असाव्यात.

पित्याच्या भेटीहून परतलेले मूल कधी पोटदुखीची तक्रार करते, कधी अंथरूण ओले करते. तेवढ्यावरून पित्याविषयी निष्कर्ष काढू नये; दोन घरांतील ओढाताणही शरीरावाटे बोलते. असे वारंवार घडल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. ‘अब्बा काय म्हणाले?’ हा प्रश्न मात्र त्या रात्री विचारू नये. जेवण झाले का, एवढेच विचारावे आणि नेहमीच्या वेळी दिवा मालवावा.