ओटीपोटातले न सांगितलेले दुखणे



नवापूर, अक्कलकुवा आणि धडगाव भागातील पाड्यांवर बहिणींची सभा असली की मी प्रार्थनेचे विषय विचारते. मुलाची परीक्षा, नवऱ्याची दारू, लांबलेला पाऊस असे विषय मोकळेपणाने येतात. सभा संपली, सगळ्या उठल्या, की एखादी बहीण मागे रेंगाळते आणि हळूच म्हणते, "ताई, खाली दुखतं." त्यापुढे ती काही बोलत नाही. या 'खाली'विषयी आज लिहायचे आहे. काही बंधू हे पान उलटतील याची मला कल्पना आहे. त्यांनी उलटू नये अशी विनंती आहे, कारण यातला काही भाग त्यांच्यासाठीच आहे.

आपल्या कमरेची हाडे म्हणजे बूड नसलेली परडी आहे असे समजा. बुडाच्या जागी स्नायूंची एक झोळी बांधलेली असते, अगदी घरात बाळासाठी बांधतो तशी. पुढे जांघेच्या वरच्या मधल्या हाडाला आणि मागे माकडहाडाला तिची टोके असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग या झोळीवर विसावलेले असतात. लघवीचा, योनीचा आणि शौचाचा मार्ग तिच्यातूनच जातो. आपण खोकलो, हसलो किंवा डोक्यावर लाकडाची मोळी उचलली की ही झोळी आपोआप घट्ट होते. लघवीला किंवा शौचाला बसलो की ती सैल पडते. पतिपत्नीच्या संबंधाच्या वेळी आणि बाळंतपणातही तिने सैल पडायचे असते. दिवसभर घट्ट आणि सैल होत राहणे हेच तिचे काम.

ही झोळी फार सैल झाली तर काय होते ते आपल्या बायकांना माहीत आहे. खोकताना लघवी सुटते, 'अंग बाहेर येते'. त्याला नाव आहे, म्हणून निदान कुजबुजून तरी बोलले जाते. याच्या उलट घडते त्याला मात्र आपल्याकडे नाव नाही. झोळी घट्ट होते आणि घट्टच राहते. रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो तेव्हा कसे होते ते आठवा. पोटरी निदान चोळता येते, घरच्यांना दाखवता येते. तोच गोळा या आतल्या स्नायूंत आला आणि कमीअधिक प्रमाणात महिनोन् महिने राहिला, तर ती बाई कोणाला काय दाखवणार?

प्रत्येकीला त्रास वेगळा होतो. कोणाला ओटीपोटात आणि माकडहाडाशी सतत ठणका लागतो, जमिनीवर बसवत नाही. कोणाला लघवी लागल्यासारखी वाटते, पण बसले की लवकर सुरू होत नाही, तुटक होते आणि उठल्यावर पुन्हा लागते. शौचाला त्रास होतो. संबंधाच्या वेळी आग होते किंवा शरीर आपोआप आवळते आणि नंतर दिवसभर दुखत राहते. काहींना मध्यरात्री गुदद्वारापाशी अचानक जोराची कळ येते आणि काही क्षणांत किंवा मिनिटांत निघूनही जाते. मांड्या आणि कंबर भरून येणे तर नेहमीचेच.

आता कारणांकडे येते. सगळ्यांत साधे कारण आपल्या डोळ्यांसमोर असते, ते म्हणजे लघवी अडवून धरणे. लघवी अडवायची तर ही झोळी आवळूनच धरावी लागते. आपल्या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. शेताच्या कडेला झोपडी, आडोसा नाही, चारी बाजूंना माणसे. बाई उजाडण्यापूर्वी जाऊन येते आणि मग अंधार पडेपर्यंत थांबते. थांबता यावे म्हणून पाणीच कमी पिते. त्यामुळे लघवी गडद होते, आग होते, जंतुसंसर्ग होतो, शौचाला खडा होतो. या प्रत्येक दुखण्याने स्नायू आणखी आवळतात आणि आवळले की दुखणे वाढते. शाळेत शौचालय असूनही त्यात पाणी नसेल, तर तिथल्या मुलींचेही हेच होते.

बाळंतपणातली जखम, माकडहाडावर पडणे, वर्षानुवर्षांचा बद्धकोष्ठ किंवा खोकला हीही कारणे असतात. आणि भीती हे एक कारण आहे. कोणी मारायला हात उगारला की आपले खांदे आपोआप वर चढतात, तसेच हे स्नायूही आवळतात. फार लहान वयात लग्न झालेल्या किंवा घरात मार खाणाऱ्या बाईचे शरीर सतत सावध राहायला शिकते. याला 'मनाचे खेळ' म्हणणे चूक आहे. स्नायू खरोखर आवळलेला असतो आणि जाणत्या डॉक्टरच्या बोटाला तो लागतो.

अशा बाईचा पुढचा प्रवास ठरलेला असतो. आधी भगताकडे जाते, मग बाजाराच्या गावात सलाईन लावून येते. 'अंगावरून जाते' म्हणून गोळ्या मिळतात, कधी त्यांची गरज असते, कधी नसते. सोनोग्राफीत काही दिसत नाही, कारण नेहमीची सोनोग्राफी स्नायूचा ताण दाखवत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे म्हणतात, कामचुकारपणा आहे. आणि शेवटी कोणीतरी सुचवते, "पिशवी काढून टाका." २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. गर्भाशय काढणे काही आजारांत अत्यंत आवश्यक असते, त्याविषयी माझा वाद नाही. पण दुखणे झोळीच्या स्नायूंचे असेल तर पिशवी गेल्यावरही स्नायू तिथेच राहतात. सोबत बीजकोशही काढले गेले तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाण्याचे सगळे परिणाम त्या बाईला भोगावे लागतात, हाडे ठिसूळ होणे त्यातलेच. शेत गहाण ठेवून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तीच कळ परत आली, असे मला सांगणाऱ्या बहिणी आहेत.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्यात जंतुसंसर्गाचा वाटा मोठा होता. मला त्यातला दुसरा आकडा जास्त टोचतो. त्यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. त्याला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला, तरी आमच्या सभांमध्ये 'आतून तपासले का?' असे विचारले की अजून बहुतेक माना खाली जातात.

स्नायूंचा ताण ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा यातले प्रशिक्षण घेतलेली फिजिओथेरपिस्ट बाईला विचारून, समजावून, एका बोटाने हळुवार तपासते. जंतुसंसर्ग असेल तर त्यावर आधी उपचार होतात. मग स्नायू सैल करायला शिकवतात. यात आठवडे जातात, कधी महिने. एका इंजेक्शनने होणारे हे काम नाही, हे बाईला पहिल्याच दिवशी सांगावे, म्हणजे ती मध्येच सोडून देत नाही.

घरी करता येण्यासारखे बरेच आहे. पाठीवर निजून गुडघे वाकवावेत, एक हात पोटावर ठेवावा आणि नाकाने सावकाश श्वास घ्यावा. छाती न फुगवता पोट वर आले पाहिजे. असा श्वास घेताना खालची झोळी आपोआप थोडी खाली उतरते, सैल होते. श्वास सोडताना जोर लावायचा नाही. सकाळ-संध्याकाळ पाच ते दहा मिनिटे पुरेत. गुडघ्यांवर बसून पुढे वाकून कपाळ जमिनीला टेकवले आणि असाच श्वास घेतला तरी चालते. सोसवेल इतक्या कोमट पाण्याच्या टबमध्ये दहा-पंधरा मिनिटे बसल्याने बऱ्याच जणींना आराम पडतो. पाणी भरपूर प्यावे, लघवी अडवू नये, ती होण्यासाठी कुंथूही नये.

एक सावधगिरी सांगते. अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये हे स्नायू आवळून बळकट करण्याचा व्यायाम मांडला. आता मोबाईलवर तो सर्रास दाखवतात. सैल झोळीसाठी तो चांगला आहे. पण जिची झोळी आधीच आवळलेली आहे, तिने आणखी आवळण्याचा सराव केला तर दुखणे वाढू शकते. म्हणून आधी तपासणी, मग व्यायाम.

आणि काही लक्षणांत घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. तापासह ओटीपोटात दुखणे, पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोराची कळ, लघवी पूर्ण अडणे, लघवीतून रक्त, पाळी कायमची गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्तस्राव. अशा बाईला थेट रुग्णालयात न्यावे.

आता बंधूंसाठी, आणि विशेषतः पाळकांसाठी. संबंधाच्या वेळी पत्नीला दुखते तेव्हा ती नकार देत नसते, तिचे शरीर कळवळत असते. जबरदस्तीने स्नायू आणखी आवळतात. घरातला वाद पाळकांकडे येतो आणि तिला अधीनतेचा उपदेश करून परत पाठवले जाते, असे घडते. आधी विचारावे, दुखते का? आणि ते पाळकांनी विचारण्यापेक्षा त्यांच्या पत्नीने किंवा मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्या बहिणीने विचारलेले बरे. 'हव्वेपासून बायकांच्या वाट्याला वेदना आहेतच' हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातून उपचार नाकारण्याची आज्ञा काढता येत नाही. त्याच अध्यायात पुरुषाच्या वाट्याला काटे आणि कुसळे आली आहेत, तरी आपण शेत निंदतोच.

मार्काच्या ५ व्या अध्यायातील बारा वर्षे रक्तस्राव सोसलेली स्त्री आपल्याला परिचित आहे. तिने वैद्यांच्या मागे सर्व पैसा घालवला होता आणि प्रकृती अधिकच बिघडली होती. पाड्यावरच्या बहिणींना हा भाग समजावून सांगावा लागत नाही. प्रभू त्या वेळी याईराच्या घरी निघाला होता, घाई होती, तरी तो थांबला आणि तिने आपली सगळी हकिकत सांगेपर्यंत त्याने तिला वेळ दिला. सभेनंतर मागे रेंगाळणाऱ्या बहिणीला आपल्यापैकी कोणीतरी तेवढा वेळ द्यायला हवा. मग प्रार्थनाही करावी आणि तपासणीची तारीखही ठरवावी.

डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० पासून जामखेडला खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले आणि त्यांनी ते उत्तम केले. आपल्या गटांतील बहिणीही श्वासाचा व्यायाम आणि धोक्याची लक्षणे दोन-तीन बैठकांत शिकतात, हे मी पाहते आहे. अडते ते पुढच्या टप्प्यावर. रुग्णालयात एकटी गेलेली बाई तपासणी न करताच परतते, म्हणून सोबत एक बहीण पाठवावी लागते, म्हणजे दोघींचे भाडे, एका दिवसाची दोघींची मजुरी, आणि हे एकदा नव्हे तर तीन-चार वेळा.

या तिमाहीत देणगी पाठवताना 'सोबत' असे लिहिले तर ती रक्कम या प्रवासखर्चासाठी वापरू. ज्यांना वस्तू द्यायच्या आहेत त्यांनी चटया, पडद्यासाठी जाड गडद कापड आणि बसता येईल असे रुंद प्लास्टिकचे टब द्यावेत. बादल्या आमच्याकडे पुरेशा आहेत.