प्रकाश, व्यायाम आणि दुखरा खांदा

मनुष्याच्या शरीरातील सर्व सांध्यांत खांद्याचा सांधा सर्वाधिक मोकळा होय. दंडाच्या हाडाचा वाटोळा माथा खवाट्याच्या एका उथळ खाचेत टेकलेला असतो. चार स्नायू व त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा त्यास सावरून धरतात. या मोकळेपणामुळेच हात डोक्यावर नेता येतो, पाठीमागे वळविता येतो. आणि त्यामुळेच हा सांधा लवकर दुखावतोही. चाळिशी ते साठीच्या वयात, विशेषतः मधुमेह असलेल्यांत, कधी कधी सांध्याचे आवरण जाड होऊन आकसते. मग केस विंचरणे, सदऱ्याच्या बाहीत हात घालणे, फळीवरचा डबा काढणे ही साधी कामेही दुष्कर होतात. अमेरिकन शल्यवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली या विकारास ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा, असे नाव दिले.

दुखरा अवयव हलवू नये असे कोणासही वाटते. परंतु न हलविलेला सांधा अधिक आखडतो, आणि आखडलेला सांधा हलविताच अधिक दुखतो. व्यायाम हा हे दुष्टचक्र तोडण्याचा एक प्रमुख उपाय. पण वेदनेमुळे रोगी नेमका तोच टाळतो. वेदना काही काळ शमविता आली तर? प्रकाशोपचाराचा संबंध येतो तो येथे.

प्रकाशाने रोग बरा करण्याची कल्पना नवी नाही. त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपयोग केल्याबद्दल डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० साली लेसरचा शोध लागला, आणि १९६७ च्या सुमारास बुडापेस्ट येथे एंद्रे मेस्टर यांना असे दिसले की, उंदराच्या भादरलेल्या त्वचेवर मंद लेसर किरण टाकले असता केस लवकर उगवतात. या उपचारात तांबडा अथवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात. तो इतका सौम्य असतो की, शेकाप्रमाणे ऊब देणे हा त्याचा हेतू नसतो. पेशींतील तंतुकणिका, म्हणजे पेशीची ऊर्जानिर्मितीची केंद्रे, हा प्रकाश शोषून घेतात व त्यामुळे दाह आणि वेदना कमी होतात, असे मानले जाते. मात्रा मात्र बेताचीच हवी; अधिक प्रकाश म्हणजे अधिक गुण, असे येथे नाही.

पण आलेला गुण प्रकाशाचा, व्यायामाचा, की केवळ रोग्याच्या विश्वासाचा, हे ओळखावे कसे? अवरक्त किरण दिसत नाहीत, ही गोष्ट येथे उपयोगी पडते. यंत्र खरोखर चालू आहे की नाही, हे रोग्यास कळतच नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रीसमधील एका चाचणीत गोठलेल्या खांद्याच्या ६३ रुग्णांना आठ आठवड्यांत बारा वेळा उपचार दिले गेले; काहींना खरे, काहींना लटके. घरी व्यायाम मात्र सर्वांनाच सांगितला होता. खऱ्या प्रकाशाने वेदना व दैनंदिन अडचणी अधिक कमी झाल्या. हात वळण्याच्या आवाक्यात मात्र दोन्ही गटांत निश्चित म्हणावा असा फरक पडला नाही. २०१४ साली झालेल्या कॉक्रेन समीक्षेनेही प्रकाश व व्यायाम यांच्या जोडीस सावध अनुकूलता दर्शविली. परंतु तिचा आधार मुख्यतः या एकाच चाचणीचा होता.

यावरून एवढेच म्हणता येते की, प्रकाश हा व्यायामाचा साहाय्यक होय, त्याचा पर्याय नव्हे. वेदना उतरली म्हणजे सांधा सुटला असे नाही. पुढे वाकून हात लोलकाप्रमाणे झुलविणे, भिंतीवर बोटे चढवीत नेणे हे साधे व्यायाम तज्ज्ञाच्या सल्ल्याने नित्य करावयास हवेत. लेसर किरण डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून संरक्षक चष्मा अवश्य वापरावा; अर्बुदाच्या जागी हा उपचार टाळावा. आणि केवळ दिव्याखाली बसवून, व्यायामाचा शब्दही न काढता कोणी खांदा बरा करण्याचे आश्वासन देत असेल, तर पैसे मोजण्यापूर्वी दुसऱ्या वैद्याचे मत घेणे शहाणपणाचे ठरेल.