टाइप ६२: जपानची स्वतःची मशीनगन

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या स्वसंरक्षण दलाकडे अमेरिकी ब्राउनिंग मशीनगन होत्या. त्यांची जागा घेण्यासाठी निट्टोकु कंपनीने घडवलेली टाइप ६२ ही १९६२ साली सेवेत आली. ७.६२ मि.मी. नाटो काडतूस, पट्ट्याने भरणा, वजन साधारण १०.७ किलो. दुपायीवर हलकी, तिपायीवर जड, अशी दुहेरी कामाची.

मला खरी भुरळ पडते ती तिच्या बोल्टची. तिरपा होऊन अडकणाऱ्या बोल्टचा बहुधा मागचा भाग हलतो. इथे मात्र पुढचा भाग वर उचलला जाऊन कुलूप बसतं. वेगळाच विचार! पण सैनिकांचा अनुभव कडवट होता. गोळी अडकणं, सुटे भाग निखळणं अशा तक्रारी वर्षानुवर्षं येत राहिल्या. माझ्या मते कल्पकतेपेक्षा भरवसा मोठा, आणि तिथेच ही गन कमी पडली.

वाहनांसाठी तिची जड आवृत्ती आली, टाइप ७४. वजन २० किलोंच्या आसपास. टाइप ७४ रणगाड्यावर ती मुख्य तोफेच्या जोडीला बसली. पायदळात मात्र १९९३ पासून बेल्जियन रचनेची ५.५६ मि.मी. मिनिमी टाइप ६२ ची जागा घेऊ लागली.