तारेची कळ आणि टॅबचे कान

समुद्रावर दूर एक जहाज उभे आहे आणि त्याचा दिवा उघडझाप करीत आहे अशी कल्पना करा. तीन आखूड लुकलुक आणि एक लांब. आंतरराष्ट्रीय संकेतावलीप्रमाणे हे अक्षर 'व्ही', आणि त्याचा अर्थ 'मला मदत हवी आहे'. आता त्यातील एक आखूड लुकलुक तुमच्या नजरेतून निसटली असे समजा. उरले दोन आखूड आणि एक लांब, म्हणजे 'यू'. त्याचा अर्थ 'तुम्ही धोक्याकडे चालला आहात'. एका बिंदूच्या फरकाने मदत मागणारा इशारा देणारा ठरला!

हे मोर्स लिपीचे बिंदू आणि रेषा. 'पण मोर्स तर कधीच बंद झाली' असे तुम्ही म्हणाल. ते अर्धेच खरे आहे. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्याआधी, १ फेब्रुवारी १९९९ पासून, जहाजांवर मोर्समधून रेडिओ संदेश ऐकत बसण्याची सक्ती संपली होती. तरीही जहाजावरील डेक अधिकाऱ्याला 'एसओएस' आणि असे एकाक्षरी संकेत दिव्याने देता व ओळखता आले पाहिजेत, ही अट आजही आहे. विमानांना दिशा दाखवणारी रेडिओ केंद्रे आपली ओळख मोर्समध्येच सांगतात. मुंबईच्या केंद्राची ओळख आहे 'बीबीबी'. आणि हौशी रेडिओचालक, ज्यांना 'हॅम' म्हणतात, ते तर मोर्सवर जीव टाकतात.

याला कारण केवळ हौस नव्हे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा विजेचे खांब पडले, मोबाइल मुके झाले आणि कित्येक गावांचा संपर्क तुटला. अशा वेळी हाताशी एखादी बॅटरी आणि लहानसा प्रेषक एवढेच असेल, तर बोलण्यापेक्षा मोर्स अधिक दूर पोहोचते. माणसाचा आवाज रेडिओवरून पाठवायला सुमारे २४०० हर्ट्झ रुंदीचा पट्टा लागतो; मोर्सला सुमारे १५० हर्ट्झ पुरतात. पट्टा जेवढा रुंद, तेवढा त्यातून आत येणारा गोंगाट अधिक. मोर्ससाठी पट्टा सोळा पट अरुंद ठेवता येतो, म्हणून गोंगाटही सोळावा हिस्सा, आणि साधारण सोळाव्या हिश्श्याच्या शक्तीत संदेश तितकाच स्पष्ट.

तेव्हा मोर्स शिकायला हरकत नाही. पूर्वी शिकवायला तारमास्तर असत. आता ते काम शाळेतल्या किंवा घरातल्या टॅबकडून करून घेता येईल. टॅबच्या काचेवर बोटाने टकटक करून अक्षरे पाठवायची अ‍ॅप मिळतात, पण माझ्या मते त्याने हात तयार होत नाही. खरी कळ दाबताना मनगट हलते, स्प्रिंग उलट ढकलते आणि 'कड्ड-कट्ट' असा आवाज येतो. म्हणून कळ खरी हवी आणि परीक्षक टॅब हवा. प्रश्न एवढाच की, दोघांची गाठ घालायची कशी?

आधी कळ. ती म्हणजे एक साधा स्विच. लाकडाच्या ठोकळ्यावर पितळेची लवचीक पट्टी एका टोकाला स्क्रूने घट्ट बसवा. मोकळ्या टोकाखाली ठोकळ्यात दुसरा पितळी स्क्रू असा बसवा की पट्टी दाबल्यावरच ती त्याला टेकावी. फट सुमारे एक मिलिमीटर पुरे. दोन्ही स्क्रूंना एकेक तार जोडा, पट्टीच्या टोकाला एखादे जुने बटण चिकटवा, झाली कळ.

ही कळ फक्त दोनच गोष्टी सांगू शकते: 'जोडले' आणि 'तुटले'. मग सव्वीस अक्षरे आणि दहा अंक कोठून आले? ते सगळे वेळेत दडलेले आहेत. बिंदूचा काळ १ एकक मानला तर रेषा ३ एकके. एकाच अक्षरातील खुणांमध्ये १ एकक शांतता, दोन अक्षरांमध्ये ३, दोन शब्दांमध्ये ७. मोर्समध्ये शांततासुद्धा अक्षराइतकीच मोलाची आहे आणि नवशिके चुकतात ते बहुधा तिथेच.

वेग मोजायला इंग्रजी 'पॅरिस' हा शब्द प्रमाण धरतात, कारण त्यामागची शांतता धरून तो बरोबर ५० एककांचा होतो. मिनिटाला १२ शब्द म्हणजे ६०० एकके. म्हणजे एक बिंदू ०.१ सेकंदाचा. 'अलिबाग' हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहून त्याची एकके स्वतः मोजून पाहा. उत्तर ६२ यायला हवे. म्हणजे याच वेगाने ते पाठवायला ६.२ सेकंद लागतील.

आता जोडणी. जी मला सर्वांत पसंत आहे, तिच्यात कळ आणि टॅब यांच्यामध्ये तार नाहीच! कळीने एक आवाज सुरू-बंद करायचा आणि टॅबने तो आपल्या मायक्रोफोनने ऐकायचा. आवाजासाठी ५५५ या क्रमांकाची आयसी घ्या. ती कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. पाय क्रमांक ४ व ८ धन टोकाला आणि १ ऋण टोकाला. ८ आणि ७ यांमध्ये १ किलोओहमचा रोध, ७ आणि ६ यांमध्ये १० किलोओहमचा. ६ व २ एकमेकांना जोडा आणि तेथून ऋण टोकापर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र लावा. पाय ३ पासून १०० ओहमचा रोध, मग १० मायक्रोफॅरडचे धारित्र (त्याचे धन टोक आयसीकडे), मग ८ ओहमचा लहान स्पीकर आणि शेवटी ऋण टोक. ९ व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक कळीतून आयसीकडे न्या. कळ दाबली की सुमारे ६९० हर्ट्झचा सूर निघेल. सूत्र असे: १.४४ भागिले (पहिला रोध + दुसऱ्याची दुप्पट) गुणिले धारिता. आकडे घालून पडताळा घ्या.

टॅबवर मोर्स ऐकून अक्षरे दाखवणारे एखादे विनामूल्य अ‍ॅप उघडा, त्यात सुराची वारंवारता ७०० हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि टॅब स्पीकरपासून हातभर अंतरावर ठेवा. तुम्ही पाठवलेले अक्षर पडद्यावर उमटेल.

टॅब हे करतो कसे? तो ऐकलेल्या आवाजाचे बारीक तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात ६९० हर्ट्झचा सूर आहे की नाही एवढेच तपासतो. लाटांचा आवाज, पंख्याची घरघर, पत्र्यावरचा पाऊस हे सगळे अनेक वारंवारतांत पसरलेले असतात. आपल्या अरुंद खिडकीत त्यांचा थोडाच भाग येतो. मग खिडकी आणखी अरुंद, अगदी एक हर्ट्झची का करू नये? येथे एक सुंदर अडचण आहे. ७०० आणि ७०२ हर्ट्झचे दोन सूर एकदम वाजवले तर सेकंदाला दोन विस्पंद ऐकू येतात. म्हणजे एक पुरा विस्पंद ऐकायला अर्धा सेकंद थांबावे लागते, आणि तोवर हे दोन सूर वेगळे आहेत हे कळत नाही. खिडकी जेवढी अरुंद, तेवढे थांबणे जास्त. ५० हर्ट्झच्या खिडकीला सुमारे २० मिलिसेकंद लागतात. एक हर्ट्झच्या खिडकीला पुरा सेकंद लागेल आणि तेवढ्या वेळात तुमचे दहा एककांचे काम उरकलेले असेल. बारीक कान आणि चपळ कान एकाच वेळी मिळत नाहीत. हा टॅबचा दोष नाही, तरंगांचा स्वभाव आहे.

शिक्षकांनी येथे एक प्रयोग जरूर करून घ्यावा. टॅब स्पीकरपासून अर्धा-अर्धा मीटर दूर नेत प्रत्येक वेळी तीच वीस अक्षरे पाठवायची आणि किती चुकली ते लिहायचे. मग खिडक्या उघडून व पंखा लावून पुन्हा. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढले की गोंगाट म्हणजे काय ते न सांगता समजते.

ज्यांना तारेनेच जोडायचे आहे, त्यांच्यासाठी जुना, शेपटीचा माउस उत्तम. तो उघडा, डाव्या बटणाखाली एक चिमुकला स्विच दिसेल. त्याच्या तीन पायांपैकी, बटण न दाबता न जुळणारी आणि दाबल्यावर जुळणारी जोडी मल्टिमीटरने शोधा आणि कळीच्या दोन तारा तेथे डाखा. माउस ओटीजी जोडणीने टॅबला लावा, पडद्यावरचा बाण अ‍ॅपमधील कळीच्या चित्रावर नेऊन ठेवा. आता कळ दाबणे म्हणजे टिचकी मारणे. पण लक्षात ठेवा: या कळीला बॅटरी जोडलेली नसावी. माउसला वीज टॅबकडून मिळते; बाहेरची वीज आत गेली तर माउस आणि टॅब दोन्ही गमावून बसाल.

हेडफोनच्या भोकातूनही जोडता येईल असे काहींना वाटेल. तिथले बटण गाणे थांबवण्यासाठी आहे, भराभर बिंदू मोजण्यासाठी नाही. त्या वाटेला जाऊ नये.

माउसच्या जोडणीत एक गंमत जाणवेल. तुम्ही कळ दाबता आणि टॅबमधून सूर किंचित उशिरा येतो. हा उशीर ०.१ सेकंदाचा असला, तर तो तुमची घंटा ३४ मीटरांवरून ऐकण्यासारखा आहे, कारण तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून ३४ मीटर जातो. स्वतःचा आवाज असा मागाहून ऐकू आला की हात अडखळतो. टॅबचा आवाज बंद करा आणि कळीच्या 'कड्ड-कट्ट'वर चाला. तार ऑफिसातले लोकही अशाच खटखटीवरून अक्षरे ओळखत.

ती खटखट तारेतील प्रवाहामुळे विद्युतचुंबकाने पट्टी ओढल्याची असे. (प्रवाहाभोवती चुंबकत्व निर्माण होते, ही गोष्ट अलिबागकरांना परकी नाही. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर धावणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला आणावी लागली आणि १९०४ पासून येथे नोंदी सुरू झाल्या.)

आता पुन्हा त्या निसटलेल्या बिंदूकडे. धातूवर धातू आपटला की तो काही मिलिसेकंद थरथरतो, संपर्क अनेकदा जुळतो-तुटतो. माउसमधील चिप ही थरथर गाळून टाकते. आवाजाच्या पद्धतीत २० मिलिसेकंदांच्या खिडकीत ती विरून जाते. पण आपल्या किनाऱ्यावर दुसरा शत्रू आहे, खारी हवा. पितळेवर महिन्याभरात हिरवट थर चढू शकतो आणि मग कळ दाबूनही प्रवाह वाहत नाही. एखादा बिंदू गळतो, 'व्ही'चा 'यू' होतो. आठवड्यातून एकदा टेकणाऱ्या जागा बारीक पॉलिश कागदाने घासून कोरड्या फडक्याने पुसा. लोखंडी टाचण्या या कामाला वापरू नका; पावसाळ्यात त्या गंजतातच.

टॅबवर उमटणाऱ्या चुका वाचायला शिका. 'ए' पाठवला आणि 'ईटी' उमटले, तर बिंदू व रेषा यांमध्ये तुम्ही फार रेंगाळलात. 'बी'ऐवजी 'टीएस' आले तर रेषेनंतर थबकलात. 'व्ही'ऐवजी 'यू' आला तर आधी कळ तपासा, मग मनगट.

हा सगळा सराव खोलीतला आहे, त्याला कोणताही परवाना लागत नाही. रेडिओवरून प्रत्यक्ष संदेश पाठवायचा असेल, तर मात्र सरकारची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घ्यावा लागतो. तोवर एका मित्राला टॅब घेऊन शेजारच्या खोलीत बसवा, दार उघडे ठेवा आणि 'यू' व 'व्ही' ही दोनच अक्षरे उलटसुलट क्रमाने शंभर वेळा पाठवा. किती बिंदू वाटेत हरवले ते त्याला मोजू द्या.