पासष्ट मिलिमीटरची सीमारेषा

नागभीड - धानाच्या पट्ट्यात पावसाचे मोजमाप हा केवळ हवामानशास्त्राचा विषय राहत नाही. रोवणी झालेल्या बांध्या एका रात्रीत तुडुंब भरल्या, की सकाळी पहिला प्रश्न आकड्याचा असतो. मंडळात पासष्ट मिलिमीटर झाला का? महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मि.मी. किंवा त्याहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी मानली जाते आणि पंचनाम्याच्या मागणीला आधार मिळतो. पिकाचे नुकसान ३३ टक्के वा अधिक आहे काय, हे त्यानंतर बांधावर जाऊन पाहिले जाते. एचएमटी हे धानाचे वाण देणाऱ्या दादाजी खोब्रागडे यांच्या या तालुक्यात एका मिलिमीटरचे मोल कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

संगणकाला मात्र ते समजावून सांगावे लागते. एखादी संख्या ठरावीक मर्यादांच्या आत आहे की बाहेर, हे तपासणे वरकरणी फारच सोपे वाटते. परंतु आकडे लाखांच्या घरात गेले आणि सीमेवरच्या एका आकड्याला किंमत आली, की या तपासणीचे खरे स्वरूप ध्यानात येते. 'महावेध' प्रकल्पाखाली राज्यातील दोन हजारांवर महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांची दैनिक नोंद एवढेच धरले, तरी एका मोसमात सुमारे अडीच लाख आकडे जमा होतात.

भारतीय हवामान विभागाची प्रतवारी महसूल खात्याच्या निकषाहून किंचित निराळी आहे. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ या काळात १५.६ ते ६४.४ मि.मी. पाऊस झाला तर मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. एका दशांशापर्यंत मोजलेल्या पावसाला ही विभागणी चपखल बसते. पण काही केंद्रांची सरासरी काढली आणि ती ६४.४५ आली, तर? हा आकडा कोणत्याच वर्गात बसत नाही. कार्यक्रम लिहिणाऱ्याने प्रत्येक वर्गाची दोन्ही टोके जशीच्या तशी उतरवली, तर असे आकडे तक्त्यातून निसटतात. त्यापेक्षा फक्त खालची टोके द्यावीत आणि एक वर्ग संपतो तेथेच दुसरा सुरू होतो असे मानावे, म्हणजे मध्ये फट उरत नाही.

संख्याशास्त्रज्ञांमध्ये 'आर' ही संगणकभाषा रूढ आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती घडवली व २००० साली तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. नवशिका त्यात एकेक ओळ उचलतो आणि 'यापेक्षा मोठा आहे का, त्यापेक्षा लहान आहे का' अशी पायऱ्यांची माळ लावतो. उत्तर मिळते, पण वेळ खर्ची पडतो. 'आर'चा स्वभाव संपूर्ण रकान्यावर एकदम क्रिया करण्याचा आहे. तिच्यातील 'फाइंडइंटरव्हल' ही आज्ञा चढत्या क्रमाने लावलेल्या सीमा घेते आणि शब्दकोशात शब्द शोधावा तसे मधले पान उघडून निम्मा भाग बाजूला सारत जाते. दोन हजार वर्ग असले, तरी अकरा-बारा तुलनांत जागा सापडते. पावसाचे वर्ग पाच-सहाच असल्याने तेथे या चातुर्याचा लाभ नगण्य, हेही सांगायला हवे. लाभ दिसतो तो प्रत्येक मंडळाच्या रोवणीच्या, फुलोऱ्याच्या, कापणीच्या तारखा वेगळ्या असतात तेव्हा. अशा हजारो कालखंडांशी लाखो नोंदी जुळवण्यासाठी 'डेटा.टेबल' या संचात स्वतंत्र सोय आहे.

वेगापेक्षा नाजूक प्रश्न सीमेवरील आकड्याचा. 'फाइंडइंटरव्हल' खालची सीमा वर्गात धरते, म्हणून नेमका ६५ हा अतिवृष्टीत जातो. त्याच भाषेतील 'कट' ही आज्ञा काहीही न सांगता वापरली, तर ती वरची सीमा धरते आणि ६५ खालच्या वर्गात ढकलते. दोन्ही आज्ञा बिनचूक चालतात, तक्ता सुबक येतो, कोठेही चुकीची सूचना उमटत नाही आणि एक मंडळ यादीबाहेर राहते. निकषातील 'किंवा अधिक' हे दोन शब्द आज्ञेत स्पष्ट लिहावेच लागतात.

दशांशाचा घोळ आणखी निराळा. संगणक ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत तंतोतंत साठवू शकत नाही. दहा वेळा ०.१ मिळवल्यास बेरीज एकाहून केसभर कमी भरते. तासातासाचा पाऊस मिळवून चोवीस तासांचा आकडा काढला, तर कागदावर ६५.० दिसणारी संख्या आतून ६४.९९९... असू शकते आणि कसोटीत नापास होते. उपाय साधा आहे. पाऊस मिलिमीटरच्या दहाव्या भागांत, पूर्णांकात ठेवावा आणि तुलना ६५० शी करावी, अथवा तुलनेपूर्वी एका दशांशापर्यंत पूर्णांकन करावे. स्वयंचलित पर्जन्यमापकात तरी काय, लहानशी कुपी भरून किती वेळा उलटली याचीच मोजदाद असते. ती पूर्णांकच असते.

राहता राहिली बंद पडलेल्या केंद्राची गोष्ट. नोंदच नसलेला दिवस 'आर' वेगळ्या खुणेने दाखवते. अशा दिवसाची ६५ शी तुलना केली, की उत्तर 'होय' वा 'नाही' न येता पुन्हा तीच खूण येते आणि यादी गाळताना ती ओळ बहुधा मुकाट्याने वगळली जाते. त्यातच 'कट'ला ० पासून सीमा दिल्या, तर शून्य पावसाच्या कोरड्या दिवसालाही हीच खूण मिळते. मग पाऊस न पडलेले मंडळ आणि यंत्र बंद असलेले मंडळ एकाच रांगेत येऊन बसतात. म्हणून वर्गवारी करण्यापूर्वी नोंद नसलेल्या दिवसांची मोजणी स्वतंत्र रकान्यात घ्यावी आणि ते मंडळ कोणते, हे तलाठ्यापर्यंत पोहोचेल अशा रीतीने वेगळे छापावे.